तिरपे सुकाणू-चक्र : लहान मालमोटारीतील एका दोषाचे निदान व दुरुस्ती

सरळ व सपाट रस्त्यावरून जाणारी लहान मालमोटार, जिला आज खेड्यापाड्यांतही ‘पिकअप’ याच नावाने ओळखतात, आपण अनेकदा पाहिली असेल. गाडी सरळ रेषेत जात असते, पुढची चाके सरळ असतात. परंतु चालकाच्या हातातील सुकाणू-चक्राचा आडवा दांडा मात्र एका बाजूस झुकलेला असतो. चालकास विचारावे, तर तो म्हणतो, “ते तसेच आहे, आता हाताला सवय झाली.” सवय होते हे खरे आहे. माणसाचा हात फार लवकर जुळवून घेतो, आणि या दोषाचा धोकाही नेमका त्यातच आहे.

कारण सुकाणू-चक्र हे केवळ गाडी वळविण्याचे साधन नव्हे. पुढची चाके कोणत्या दिशेस आहेत हे चालकाला खाली न वाकता कळविणारा तो एक दर्शक काटा आहे. पावसात घसरलेली गाडी सावरताना किंवा अंधारात उभी असलेली गाडी हलविताना चालक हाताखालच्या चक्रावरूनच चाकांची दिशा ताडतो. हा काटा खोटे सांगू लागला, तर नेहमीच्या चालकाचे कदाचित निभावते. पण तीच गाडी एखाद्या रात्री दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे प्रसंग ओढवतो. शिवाय झुकलेले चक्र हे बहुधा मूळ रोग नसून रोगाचे लक्षण असते. त्यामागे कधी केवळ जुळणीतील हलगर्जीपणा असतो, तर कधी खड्ड्यात आपटून वाकलेला दांडा असतो, जो पुढे केव्हातरी घाटात तुटावयाचा असतो. वरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दुरुस्तीपूर्वी निदान, हा वैद्यकातील नियम येथेही पाळावा लागतो.

चक्रापासून चाकापर्यंत

सुकाणू-चक्र एका पोलादी दांड्याच्या टोकावर बसविलेले असते. दांड्यावर आणि चक्राच्या मध्यभागी बारीक उभ्या खाचा असतात. त्या एकमेकींत बसतात व वरून एक नट आवळलेला असतो. हा दांडा खाली जेथे जातो तेथे दोन प्रकारची रचना आढळते.

जुन्या व भारी मालमोटारींत दांड्याच्या तळाशी दंतचक्रांची एक बंद पेटी असते. पेटीतून बाहेर आलेला भुज, ज्याला गॅरेजमध्ये ‘ड्रॉप आर्म’ म्हणतात, चक्र फिरविले की झुलतो. तो ‘ड्रॅग लिंक’ नावाच्या दांड्याने एका पुढच्या चाकाचा भुज ढकलतो किंवा ओढतो. दोन्ही पुढची चाके ‘टाय रॉड’ नावाच्या दुसऱ्या दांड्याने परस्परांस जोडलेली असतात, त्यामुळे एक वळले की दुसरेही वळते. पुढची आस अखंड असलेल्या गाडीत ही रचना सर्वसाधारण आहे.

दुसऱ्या रचनेत पेटीऐवजी एक आडवी दंतपट्टी असते आणि तिच्यावर एक लहान दंतचक्र फिरते. पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते व तिच्या दोन्ही टोकांस जोडलेले दोन टाय रॉड दोन चाकांना वळवितात. जेथे पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, अशा अलीकडच्या पिकअप गाड्यांत ही योजना पुष्कळ आढळते.

दोन्ही चाके सारख्याच कोनातून वळत नाहीत, ही गोष्ट येथे सांगून ठेवली पाहिजे. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावर व बाहेरचे मोठ्या वर्तुळावर चालते. म्हणून आतले अधिक वळावे लागते. ही युक्ती मोटारीच्या आधीची, घोडागाडीच्या काळातील आहे. म्यूनिक येथे गाड्या बांधणाऱ्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने ती योजिली आणि १८१८ साली रुडॉल्फ आकरमान याने तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. नाव राहिले ते पेटंट घेणाऱ्याचे. ही योजना गाडी सरळ असताना सर्व भाग मध्यावर असतील, असे गृहीत धरूनच आखलेली असते. मध्य ढळला की डावे वळण आणि उजवे वळण एकसारखे होत नाही. एका बाजूस गाडी थोड्या जागेत वळते, तर दुसऱ्या बाजूस तिला मैदान लागते. मंडईच्या अरुंद बोळात गाडी वळविणाऱ्या चालकास हा फरक प्रथम जाणवतो.

पेटीच्या रचनेत मध्याचे आणखी एक महत्त्व आहे. पेटीतील दात मध्यबिंदूपाशी मुद्दाम सर्वांत घट्ट बसविलेले असतात, कारण गाडीचा बहुतेक प्रवास सरळच होतो आणि तेथे ढिलाई नको असते. दोन्ही टोकांकडे ही घट्टाई कमी होत जाते. पेटी मध्यापासून ढळलेल्या स्थितीत गाडी सरळ चालत असेल, तर चक्र हातात किंचित खेळते राहते. पुष्कळ लोक मग पेटी झिजली असे समजून ती बदलावयास निघतात. पेटी उत्तम असते. ती केवळ चुकीच्या जागी काम करीत असते.

खाचा बदलण्याचा मोह

चक्र तिरपे झाले की पहिला उपाय सुचतो तो असा की, वरचा नट काढावा, चक्र उपसून एकदोन खाचा फिरवून पुन्हा बसवावे आणि मोकळे व्हावे. काम दहा मिनिटांचे, आणि चक्र सरळ दिसू लागते. अनेक ठिकाणी हाच उपाय केला जातो. परंतु विचार केला तर यात काय साधले? खालची पेटी किंवा दंतपट्टी होती तेथेच, मध्यापासून ढळलेली, राहिली. वळणांतील विषमता राहिली. दांडा वाकला असेल, तर तो वाकलेलाच राहिला. उलट ते सांगणारे एकमेव लक्षण मात्र आपण पुसून टाकले. दिशादर्शक दिवा वळणानंतर आपोआप बंद करणारी खुंटीही चक्राबरोबर फिरते, त्यामुळे दिवे एका बाजूस लवकर आणि दुसऱ्या बाजूस उशिरा विझू लागतात. खाचांच्या संख्येचाही विचार करावा. खाचा ३६ असतील, तर एक खाच म्हणजे १० अंश. चक्र ६ अंशांनी तिरपे असेल, तर खाचांनी ते सरळ होणेच शक्य नाही. ज्या गाडीच्या चक्रात अपघातसमयी फुगणारी हवेची पिशवी असते, तेथे तर हे चक्र अनभिज्ञ माणसाने उतरविणे प्रत्यक्ष धोक्याचे आहे.

खाचा बदलणे योग्य ठरते ते एकाच प्रसंगी. पूर्वीच्या दुरुस्तीत चक्र किंवा त्याचा दांडा कोणीतरी काढला असेल आणि परत बसविताना खाच चुकली असेल, तर चूक जेथे झाली तेथेच ती सुधारावी.

तीन निराळ्या तक्रारी

“चक्र वाकडे झाले” या एका वाक्यात चालक तीन निराळ्या तक्रारी सांगत असतो. पहिल्या प्रकारात सपाट रस्त्यावर हात सोडला तरी गाडी सरळच जाते, फक्त चक्र तिरपे असते. दुसऱ्या प्रकारात हात सोडताच गाडी एका बाजूस ओढली जाते. चालक तिला सरळ ठेवण्यासाठी चक्र उलट बाजूस धरून बसलेला असतो आणि म्हणून ते तिरपे दिसते. तिसऱ्या प्रकारात गाडी सरळ जाते, परंतु मागून पाहणाऱ्यास ती खेकड्यासारखी किंचित आडवी चाललेली दिसते. पहिल्याचे कारण सुकाणूच्या दांड्यांच्या लांबीत असते. दुसऱ्याचे टायर, ब्रेक किंवा चाकांच्या कोनांत. तिसऱ्याचे चक्रापासून सर्वांत दूर, म्हणजे मागच्या आसात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारच्या रोग्यावर पहिल्या प्रकारचा उपचार केला म्हणजे पैसे जातात आणि टायरही जातात.

हे वेगळे ओळखण्यासाठी प्रथम टायरमधील हवा मोजावी. पुढच्या दोन टायरांत हवेचा फरक असेल, तर गाडी कमी हवेच्या बाजूस ओढते. ही परीक्षा इतकी साधी आहे की ती करावयाची राहूनच जाते. त्यानंतर रस्त्याची निवड करावी. आपले बहुतेक रस्ते मधोमध उंच आणि दोन्ही कडांस उतरते असतात, म्हणजे पावसाचे पाणी वाहून जावे. आपण डावीकडून गाडी चालवितो. म्हणून उताराने प्रत्येक निर्दोष गाडीही किंचित डावीकडे झुकू पाहते आणि चक्र नकळत उजवीकडे धरले जाते. परीक्षा घेताना मोठे सपाट पटांगण किंवा वाहतूक नसलेला समपातळी रस्ता घ्यावा, आणि गाडी दोन्ही दिशांनी चालवून पाहावी. गाडी एकदा डावीकडे व परतताना उजवीकडे ओढत असेल, तर दोष गाडीचा नसून जमिनीचा होय. वेग बेताचा असावा, आणि हात चक्रावरून पूर्ण दूर न नेता केवळ सैल सोडावा.

गाडी खरोखरच एका बाजूस ओढत असेल, तर पुढचे डावे व उजवे चाक परस्परांत बदलून पाहावे. ओढ दिशा बदलते असे दिसले, तर दोष टायरच्या आतील बांधणीत आहे. ओढ तशीच राहिली, तर थोडे अंतर चालवून दोन्ही चाकांच्या मध्यभागाची उष्णता हाताने, पण न टेकविता, अजमावावी. एक बाजू फार तापलेली असेल, तर तिकडचा ब्रेक पूर्ण सुटत नाही असे समजावे. यानंतरही कारण सापडले नाही, तर चाकाचा उभा कल किंवा ज्या अक्षाभोवती चाक वळते त्या अक्षाचा मागील कल दोन्ही बाजूंस विषम असतो. पहिल्यास कॅम्बर व दुसऱ्यास कॅस्टर म्हणतात. ज्या चाकाचा माथा बाहेर अधिक कललेला असेल, किंवा ज्याचा कॅस्टर कमी असेल, त्या बाजूस गाडी जाते. हे मोजण्यास यंत्र लागते. घरी यापुढे जाऊ नये.

केव्हापासून?

निदानातील सर्वांत उपयुक्त प्रश्नास कोणतेही हत्यार लागत नाही. हे केव्हापासून झाले?

एका विशिष्ट दिवशी, खड्ड्यात किंवा दुभाजकावर आपटल्यानंतर झाले असेल, तर काहीतरी वाकले आहे असे गृहीत धरूनच शोध घ्यावा. हळूहळू, महिन्यांमागून महिने वाढत गेले असेल, तर सांधे किंवा रबरी बुश झिजले आहेत. आणि दुरुस्तीनंतर लगेच सुरू झाले असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याकडेच पाहावे. या शेवटच्या प्रकाराचे एक उदाहरण फार परिचयाचे आहे. चाकांची जुळणी करणाऱ्या यंत्रावर गाडी चढविली जाते, कारागीर चक्र सरळ करून ते घट्ट अडकवून ठेवण्याचा कंटाळा करतो आणि सोयीच्या बाजूचा एकच टाय रॉड फिरवून दोन्ही चाकांतील अंतर अचूक करतो. यंत्राच्या पडद्यावर सर्व आकडे हिरवे दिसतात. गाडी रस्त्यावर आली की दोन्ही चाके तो फरक आपसांत समान वाटून घेतात आणि चक्र तिरपे होऊन बसते. आकडे खोटे नसतात. जो आकडा घ्यावयास हवा होता तो घेतलेला नसतो, एवढेच.

सांधे तपासण्याची रीत सोपी आहे. गाडी जमिनीवर चारही चाकांवर उभी असावी. एकाने चक्र डावी-उजवीकडे थोडे थोडे, पण झटक्याने हलवावे आणि दुसऱ्याने बाजूने वाकून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. दांडा हलतो पण त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट त्याच क्षणी भुजाला हलवीत नाही, असे जेथे दिसेल तेथे झीज आहे. झिजलेला सांधा बदलण्यापूर्वी कोणतीही जुळणी करू नये. ती चार दिवसही टिकत नाही.

वाकलेला दांडा ओळखण्यासाठी त्याच्या कडेने दोरा ताणून धरावा, आणि दुसऱ्या बाजूच्या दांड्याशी तुलना करावी. दोन्ही टाय रॉडवर बाहेर दिसणारे आटे मोजावेत. मूळ जुळणीत ते साधारण सारखे असतात. एका बाजूस पुष्कळ अधिक दिसत असतील, तर कोणीतरी पूर्वी वाकलेल्या भागाची भरपाई दांड्याची लांबी बदलून केलेली आहे. वाकलेला टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून सरळ करण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती सर्वथा त्याज्य समजावी. या दांड्यांचे पोलाद विशिष्ट उष्णतासंस्कार देऊन चिवट केलेले असते. तापविल्याने तो गुण नष्ट होतो, आणि वाकताना पडलेली बारीक चीर ठोकण्याने मिटत नाही, झाकली मात्र जाते. दुसरे अनेक भाग तुटले तर गाडी थांबते. हा तुटला तर ती थांबत नाही, फक्त वळेनाशी होते.

मागची आस

पिकअप गाडीची मागची आस दोन्ही बाजूंस पाट्यांच्या कमानीवर बसविलेली असते. प्रत्येक कमानीचे पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने एकत्र धरलेले असतात, आणि यू-आकाराचे बोल्ट ती कमान आसावर आवळून धरतात. मर्यादेपेक्षा अधिक माल वाहिल्याने हे यू-बोल्ट सैल होतात; मग सर्व भार त्या बारीक सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. त्या बाजूची आस पाट्यांवरून थोडी पुढे किंवा मागे सरकते.

समजा, आसाचे डावे टोक ६ मिलिमीटर मागे सरकले आहे आणि दोन कमानींमधील अंतर १ मीटर आहे. आस ०.००६ रेडियन, म्हणजे अंशाच्या सुमारे एकतृतीयांशाने तिरपी झाली. मागची चाके आता किंचित डावीकडे तोंड करून आहेत. ती गाडीला डावीकडे ढकलीत राहतात आणि सरळ जाण्यासाठी पुढच्या चाकांनाही तितकेच डावीकडे वळून राहावे लागते. चक्र १६ अंश फिरल्यावर चाक १ अंश वळते असे धरले, तर चक्र साडेपाच अंशांनी डावीकडे झुकेल. ज्या पावलाएवढ्याही नसलेल्या सरकण्याकडे कोणी पाहिले नसते, ते चक्रावर सोळा पटींनी मोठे होऊन चालकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

याची तपासणी फीतपट्टीने करावी. चारही चाके सरळ ठेवून प्रत्येक बाजूस पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरांत काही मिलिमीटरांचा फरक आढळला, तर कमानीचे यू-बोल्ट व सेंटर बोल्ट पाहावेत. अशा गाडीत पुढचे टाय रॉड फिरवून चक्र सरळ करता येते, आणि तसे केलेही जाते. परंतु आस सैलच राहते. माल भरलेल्या गाडीची आस चढणीवर सरकली म्हणजे काय होते, ते सांगावयास नको.

ज्या गाडीत पुढेही अखंड आस आहे, तेथे अधिक माल झेपावा म्हणून कमानीत जादा पाटे घालतात. त्याने गाडीचे अंग उचलले जाते, ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि चक्र आपोआप फिरते. हा दोष नव्हे. पाटे घातल्यावर ड्रॅग लिंक पुन्हा जुळवून घेणे एवढेच उरलेले असते.

चक्राचा कोन मोजणे

चक्र किती तिरपे आहे हे “थोडेसे” असे सांगून चालत नाही. चक्र आडवे सरळ असताना त्याच्या कडेच्या माथ्यावर कागदाची एक पट्टी चिकटवावी व तिच्या समोर फळीवर दुसरी खूण करावी. मग गाडी सपाट जागी सरळ चालवावी. फळीवरील खुणेसमोर आता कडेचा जो भाग आला असेल तेथे शेजारी बसलेल्या माणसाने (चालकाने नव्हे) दुसरी पट्टी चिकटवावी. गाडी थांबल्यावर दोन पट्ट्यांमधील अंतर शिंप्याच्या फितीने कडेवरून मोजावे. चक्राचा व्यास ३८ सेंटिमीटर असेल, तर परिघ सुमारे ११९ सेंटिमीटर होतो; अर्थात कडेवरील १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३ अंश.

समजा, अंतर ६ सेंटिमीटर आले. चक्र १८ अंश तिरपे आहे. १६ ने भागले असता चाकांशी ही चूक १.१ अंश होते. आता टाय रॉडकडे पाहू. त्याच्या आट्यांचे अंतर १.५ मिलिमीटर असेल, तर एका फेऱ्यात तो तितका लांब किंवा आखूड होतो. चाकाच्या भुजाची लांबी १५० मिलिमीटर धरल्यास १.५ भागिले १५० म्हणजे ०.०१ रेडियन, सुमारे ०.५७ अंश. म्हणून १.१ अंशासाठी प्रत्येक टाय रॉडला जवळजवळ दोन फेरे द्यावे लागतील. प्रत्येक गाडीत हे आकडे थोडे निराळे असतात, परंतु रीत तीच. शाळेतील त्रैराशिकाचा असा उपयोग मुलांना गॅरेजमध्ये नेऊन अवश्य दाखवावा.

दुरुस्ती

दंतपट्टी असलेल्या गाडीत प्रथम पट्टीचा मध्य काढावा. पुढची चाके उचलून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवावे व फेरे मोजावेत. साडेतीन फेरे भरले, तर एका टोकापासून पावणेदोन फेरे परत यावे. हा पट्टीचा मध्य. या स्थितीत चक्र सरळ असेल, तर चूक टाय रॉडच्या लांबीत आहे, आणि तिरपे असेल, तर चक्र किंवा त्याचा दांडा चुकीच्या खाचेवर बसविलेला आहे. गाडी उचलताना केवळ जॅकवर विश्वासून खाली जाऊ नये. भक्कम घोड्या लावाव्यात व मागच्या चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे द्यावेत.

पेटीच्या गाडीत चाकांच्या अडणीमुळे पेटी शेवटापर्यंत फिरत नाही, म्हणून तिचा खरा मध्य पाहिजे असल्यास ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवून फेरे मोजावे लागतात. अखंड आसाच्या गाडीत यापुढील काम मात्र फार सुलभ आहे. चाकांचे परस्पर अंतर टाय रॉडवर आणि चक्राची स्थिती ड्रॅग लिंकवर अवलंबून असते. ड्रॅग लिंकवरील चेकनट किंवा पकड सैल करून तो थोडा फिरवावा. चक्र कोणत्या दिशेने सरकते ते पाहून पुढे जावे. चाकांच्या अंतराला यात हात लागत नाही. काही गाड्यांत मात्र टाय रॉडचे एक टोक ड्रॅग लिंकलाच जोडलेले असते. तेथे दोन्ही तपासल्यावाचून गत्यंतर नाही.

दंतपट्टीच्या गाडीत एक टाय रॉड जितका लांबवावा तितकाच दुसरा आखूड करावयाचा असतो, म्हणजे दोन चाकांतील अंतर न बदलता दोन्ही चाके एकाच दिशेस वळतात. कोणता लांब आणि कोणता आखूड, हे पाठ करण्यापेक्षा समजून घ्यावे. समजा, गाडी सरळ चालताना चक्र डावीकडे झुकलेले असते. याचा अर्थ, चक्र सरळ केले की दोन्ही चाके उजवीकडे पाहतील. म्हणून चक्र सरळ धरून चाकांना डावीकडे वळवावयाचे आहे. पट्टी आसाच्या मागे असेल, तर टाय रॉड चाकाच्या मागल्या बाजूस जोडलेला असतो. डावा टाय रॉड आखूड केला की डाव्या चाकाची मागची बाजू आत ओढली जाते आणि पुढची बाजू डावीकडे जाते. उजव्या चाकासाठी त्याचा टाय रॉड लांब करावा लागतो. पट्टी आसाच्या पुढे असेल, तर हे सर्व नेमके उलट.

प्रत्यक्ष काम करताना प्रत्येक टाय रॉडवर रंगाची एक आडवी खूण करावी, म्हणजे दिलेले फेरे मोजता येतात. चेकनट सैल करताना बॉल जॉइंट दुसऱ्या पान्याने धरावा. पट्टीच्या टोकाशी असलेल्या रबरी भात्याची पकड सैल करावी, नाहीतर दांड्याबरोबर तो पिळला जाऊन फाटतो व आत धूळ शिरते. प्रथम पाव फेरा देऊन दांडा लांबतो की आखडतो हे पाहावे. उजव्या-डाव्या आट्यांच्या बाबतीत स्मरणशक्तीवर अवलंबून राहू नये. ठरलेल्या फेऱ्यांपैकी अर्धेच प्रथम द्यावेत, गाडी खाली उतरवून दहाएक मीटर पुढे ढकलावी म्हणजे चाके आपल्या जागी बसतात, आणि मग पुन्हा पाहावे.

दोन चाकांतील अंतर बिघडले नाही ना, हे तपासण्यास यंत्र नसले तरी चालते. चाक उचलून फिरवावे व टायरच्या मध्यावर खिळा टेकवून एक बारीक रेघ काढावी. दोन्ही चाकांवर अशा रेघा काढल्यावर गाडी उतरवून थोडी पुढे ढकलावी आणि आसाच्या उंचीवर दोन रेघांमधील अंतर चाकांच्या पुढे एकदा व मागे एकदा मोजावे. दोहोंतील फरक उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत असला पाहिजे. या फरकाला क्षुल्लक समजू नये. एक चाक आपल्या खऱ्या दिशेपासून अंशाच्या एकतृतीयांशाने जरी चुकलेले असले, तरी दर किलोमीटरला ते सुमारे ६ मीटर आडवे फरफटत जाते. टायरची कड करवतीच्या दातांसारखी झालेली दिसते ती यामुळे.

सर्व जुळल्यावर चेकनट उत्पादकाने सांगितलेल्या जोराने आवळावेत. बॉल जॉइंटचा खाचांचा नट उघडला असेल, तर आवळताना खाच व छिद्र समोरासमोर न आल्यास नट सैल करू नये. किंचित पुढे आवळून नवी कॉटर पिन घालावी. ज्या गाड्यांत चक्राचा कोन मोजणारा विद्युत्-संवेदक असतो आणि घसरण रोखणारी यंत्रणा त्यावर चालते, तेथे हे सर्व झाल्यावर संवेदकाला नवा शून्यबिंदू देण्यासाठी गाडी संगणकास जोडावी लागते. एरवी चक्र सरळ असूनही सूचनादीप पेटलेला राहतो. त्यानंतर पुन्हा त्याच सपाट जागी, दोन्ही दिशांनी, टायरमधील हवा मोजून परीक्षा घ्यावी. कडेवरील दोन कागदी पट्ट्यांत एक सेंटिमीटरचेही अंतर उरले नाही, तर रंगाच्या खुणा तशाच ठेवून गाडी कामावर जाऊ द्यावी, आणि आठवड्याभराने चेकनट व त्या खुणा आपापल्या जागी आहेत की नाहीत ते पुन्हा एकदा पाहावे.